युरिया कुठल्या कपाटात ठेवायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर "सेंद्रिय व असेंद्रिय संयुगे : फरक स्पष्ट करा" असा एक तक्ता आला होता. दोन रकाने, सात मुद्दे, मधे उभी रेघ. डावीकडे सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून मिळणारी, नैसर्गिक, उजवीकडे असेंद्रिय म्हणजे खनिजांपासून मिळणारी, कृत्रिम, आणि खाली वितळणांक, विद्राव्यता, ज्वलन अशी नेहमीची वरात. शेजारच्या पोराने तो कापून वहीत चिकटवला आणि मला दाखवायला आणला म्हणून माझं लक्ष गेलं, नाहीतर मी ते पान फक्त शब्दकोड्यासाठी उघडतो.

मी प्राध्यापक वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून तीसच्या वर वर्षं काढली, बाटल्या भरायच्या, लेबलं चिकटवायची, द्रावणं करून ठेवायची, प्रॅक्टिकल संपलं की सांडलेलं पुसायचं. मुलं काका म्हणायची. असा माणूस पत्र लिहून सेंद्रिय-असेंद्रिय शिकवायला निघालाय म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल, येऊ दे. पण ह्या फरकाशी माझा रोजचा संबंध आला तो असा की आमच्या लॅबमध्ये दोन मोठी कपाटं होती, एकावर ऑरगॅनिक लिहिलेलं, एकावर इनऑरगॅनिक, आणि आलेली प्रत्येक बाटली संध्याकाळपर्यंत ह्यातल्या एका कपाटात गेलीच पाहिजे, मधे ठेवायला जागाच नाही. सरांना वर्गात "काही अपवाद वगळता" म्हणून पुढे जाता यायचं, मला ते अपवाद हातात धरून उभं राहावं लागायचं.

सुरुवातीला सोपंच वाटलं. मीठ, तुरटी, मोरचूद, नवसागर, सोरा हे सगळं इकडे, बेन्झोइक ॲसिड, नॅप्थलीन, ॲनिलीन, ॲसिटोन तिकडे. मग एक दिवस ऑक्झॅलिक ॲसिडची बाटली हातात आली. पांढरे स्फटिक, विषारी, परमँगनेटच्या टायट्रेशनला, म्हणजे थेंबाथेंबाने मोजून द्रावणाची तीव्रता काढायला, लागतं. रेणूत दोन कार्बन, एकमेकांना जोडलेले, म्हणजे झाडून सगळी पुस्तकं त्याला सेंद्रिय आम्लच म्हणतात. पण टायट्रेशन म्हणजे इनऑरगॅनिकचं काम, त्यामुळे माझ्या आधीच्या माणसाने ती बाटली वर्षानुवर्षं इनऑरगॅनिकमध्ये ठेवलेली आणि मीही तिथेच ठेवली, कारण ब्युरेटांचं टेबल त्याच कपाटाला लागून होतं. खरं कारण एवढंच. त्याच फळीवर सोडियम ॲसिटेट आणि लेड ॲसिटेट, तीही तशी सेंद्रिय आम्लाचीच पिल्लं, पण सॉल्ट अनॅलिसिसमध्ये, म्हणजे क्षार ओळखायच्या प्रॅक्टिकलमध्ये, ॲसिटेट आणि ऑक्झॅलेट हे ॲसिड रॅडिकल म्हणून, म्हणजे क्षारातला आम्लाकडून आलेला भाग म्हणून येतात ना, मग ती इकडेच बरी. निकेलच्या टेस्टला लागणारं डायमिथाइल ग्लायऑक्झाइम, ज्याने लालभडक साका येतो, ते पक्कं सेंद्रिय, पण ते शोधतं धातूला. एकदा एका पोरीने विचारलं, काका हे सगळं चुकीच्या कपाटात नाहीये का? मी म्हटलं आहे, पण प्रॅक्टिकल वेळेवर सुरू होतं की नाही ते बघ.

तर आता तुमच्या तक्त्याकडे येतो. पहिलाच मुद्दा, सजीवांपासून मिळतं ते सेंद्रिय. हे मत एके काळी खरोखर होतं आणि मोठ्या लोकांचं होतं. स्वीडनचा बर्झेलियस, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दादा माणूस, त्याने ह्या शाखेला ऑरगॅनिक केमिस्ट्री हे नाव रुळवलं, ऑर्गन म्हणजे इंद्रिय, म्हणून आपल्याकडेही स अधिक इंद्रिय, सेंद्रिय, ज्याला इंद्रियं आहेत अशा जिवाशी संबंधित. समजूत अशी की ही संयुगं घडवायला जीवनशक्ती नावाचं काहीतरी लागतं, ती फक्त जिवंत शरीरात असते, आणि काचेच्या भांड्यात ते जमणारच नाही. मग १८२८ साली त्याच बर्झेलियसकडे शिकून गेलेल्या फ्रेडरिक व्होलरने अमोनियम सायनेट बनवायला घेतलं आणि हातात आला युरिया. युरिया तोवर मूत्रातून मिळत होता, १७७३ सालापासून माहीत होता. व्होलरने गुरूला पत्र लिहून कळवलं की मूत्रपिंडाशिवाय, ना माणसाचं ना कुत्र्याचं, मी युरिया बनवू शकतो. शिष्य गुरूला असं पत्र लिहितो तेव्हा त्याला आतून किती गुदगुल्या होत असतील!

इथे एक गोष्ट नेहमी फुगवून सांगतात ती म्हणजे व्होलरने एका फटक्यात जीवनशक्ती निकालात काढली. तसं झालं नाही. त्या काळी सायनेट जिथून बनायचं तो कच्चा माल जनावरांचं रक्त, शिंगं, खूर असलाच असायचा, त्यामुळे म्हणणाऱ्यांना म्हणायला जागा होती की जीवनशक्ती त्यातून आली असेल. १८४५ मध्ये कोल्बे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कार्बन डायसल्फाइडपासून, म्हणजे शेवटी कोळसा आणि गंधकापासून, पायरी पायरीने ॲसिटिक ॲसिडपर्यंत मजल मारली, पुढे बर्थेलोने आणखी बरंच काही बनवून दाखवलं, तेव्हा कुठे ही समजूत हळूहळू विरली. आणि गंमत म्हणजे व्होलरने १८२४ मध्येच, युरियाच्या चार वर्षं आधी, सायनोजेनपासून ऑक्झॅलिक ॲसिड बनवलेलं होतं, ते तर वनस्पतीत सापडणारं आम्ल. त्याचा कुणी एवढा गवगवा केला नाही. माझ्या त्या बाटलीचा इतिहास हा असा, आणि मला तो रिटायर व्हायच्या जरा आधी कळला.

मुद्दा हा की सजीवांपासून मिळतं ते सेंद्रिय हे जाऊन जमाना झाला. १८६१ मध्ये केकुले ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात सरळ लिहिलं की ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री, जीव असो नसो. शिंपला, मोती, पोवळं जिवंत प्राण्यांनीच बनवलेलं असतं पण ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे असेंद्रिय. आपल्या दातावरचं कवच कॅल्शियमचं फॉस्फेट, आपण स्वतः बनवलेलं, तरी असेंद्रिय. उलट नायलॉन, पॉलिथीन, पॅरासिटामॉल यातलं कुठल्याही झाडाला येत नाही, पण ते नखशिखांत सेंद्रिय. नैसर्गिक आणि कृत्रिम हा भेद रेणूला कळतच नाही. फळातलं व्हिटॅमिन सी आणि कारखान्यातलं व्हिटॅमिन सी, रेणू तोच, अणू न अणू तोच. एवढंच काय, १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली, ती कुठल्या इंद्रियाने बनवली?

मग हल्ली यूट्यूबवर एक सोपा नियम फिरतो, सी-एच बॉन्ड, म्हणजे कार्बनला थेट जोडलेला हायड्रोजन, असेल तर सेंद्रिय, नसेल तर असेंद्रिय. तुमच्या तक्त्यातही शेवटच्या मुद्द्यात तो आलाय. ऐकायला झकास. पण युरियाच्या रेणूत बघा, एक कार्बन, त्याला एका बाजूला ऑक्सिजन, दोन बाजूंना नायट्रोजन, आणि चारही हायड्रोजन त्या नायट्रोजनना चिकटलेले, कार्बनला एकही नाही. म्हणजे ज्या संयुगावर ही सगळी गोष्ट उभी राहिली तेच ह्या नियमाने बाहेर! ऑक्झॅलिक ॲसिडही बाहेर, त्यातले हायड्रोजन ऑक्सिजनवर बसलेत. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये तर हायड्रोजन नावालाही नाही, टेफ्लॉनमध्येही जवळजवळ नाहीच, फक्त कार्बन आणि फ्लोरिन, आणि दोन्ही सेंद्रियच धरतात. ज्याने हा नियम काढला त्याला बहुतेक परीक्षेतला एक मार्क मिळवायचा असेल, तेवढ्यापुरता ठीक आहे.

बरं मग फक्त कार्बन असला की सेंद्रिय म्हणावं तर तेही नाही. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट, सायनाइड, कार्बाइड ही सगळी कार्बन असून असेंद्रियच्या कपाटात. का? याचं उत्तर पुस्तकात "अपवाद" एवढंच देतात. माझ्या समजुतीप्रमाणे यातला निम्मा भाग वागणुकीचा आणि निम्मा सवयीचा. कार्बोनेट खडकात सापडतं, क्षारासारखं वागतं, त्यातला कार्बन एकटा, तीन ऑक्सिजनच्या घेऱ्यात, साखळी नाही काही नाही, आणि ही खनिजं रसायनवाले आधीपासून धातूंच्या क्षारांबरोबर अभ्यासत होते, त्यामुळे ती तिकडेच राहिली. पण एकटा कार्बन हेही कारण पुरत नाही, कारण युरियातलाही कार्बन एकटाच आहे. खरं तर युरिया म्हणजे कार्बोनिक आम्लाचंच डायअमाइड, म्हणजे बाप असेंद्रिय आणि पोरगं सेंद्रिय, एकाच घरात दोन पक्ष. कार्बन डायसल्फाइड घ्या. पाण्यात मिसळत नाही, ४६ अंशाला उकळतं, ठिणगी दिसली की पेट घेतं, तुमच्या तक्त्याप्रमाणे सातपैकी पाच-सहा मार्क सेंद्रियचे. तरी ते असेंद्रियमध्ये धरतात. आणि त्याच्या शेजारचं कार्बन टेट्राक्लोराइड, जे पेटत तर नाहीच उलट एके काळी आग विझवायच्या नळकांड्यात भरायचे, पुढे त्याच्यापासून आगीत विषारी फॉस्जीन वायू होतो म्हणून बंद केलं, ते मात्र सेंद्रिय. ही रेघ कुणी निसर्गाने मारलेली नाही, माणसांनी अभ्यासाच्या सोयीसाठी मारलीय आणि ती थोडी वाकडी आहे, सगळ्यांना मान्य होईल अशी एकच काटेकोर व्याख्या अजूनही नाही.

आता कुणी म्हणेल मग फरक काही नाहीच का? आहे, चांगला ठसठशीत आहे, पण तो तक्त्यातून कळत नाही, नळीतून कळतो.

एकदा पावसाळ्यात दमटपणाने दोन बाटल्यांची लेबलं गळून पडली, दोन्हीत पांढरी भुकटी, मला एवढंच आठवत होतं की एक मीठ आहे आणि एक युरिया. चाखून बघायचं नसतं, लॅबमधलं काहीच चाखायचं नसतं. चिमूट चिमूट दोन परीक्षानळ्यांत घेतलं आणि बर्नरवर धरलं. एक तडतडलं, दोन-चार कण वर उडाले आणि मग गप्प, लालबुंद होईपर्यंत धरलं असतं तर साधी काच मऊ पडली असती पण मीठ काही हललं नसतं, त्याला वितळायला ८०१ अंश लागतात. दुसरं बघता बघता पाण्यासारखं झालं, १३३ अंश म्हणजे काहीच नाही, मग बुडबुडे आले आणि नाकात असा अमोनिया गेला की डोळ्यात पाणी. तोंडाशी ओला लाल लिटमस धरला तो निळा. उरलेला पांढरा गोळा थंड करून पाण्यात घेतला, मोरचुदाचे दोन थेंब आणि थोडा कॉस्टिक सोडा टाकला आणि जांभळा रंग आला, बाययुरेट टेस्ट. अर्ध्या तासात दोन्ही लेबलं परत चिकटली. मिठात आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, अख्खा किल्ला असतो, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, तो पाडायला भट्टी लागते. युरियात सुटे सुटे रेणू, एकमेकांना हलकेच धरून बसलेले, थोडी आच लागली की मोकळे, आणखी आच लागली की रेणूच मोडतो.

साखर अशीच घ्या. नळीत तापवली की वितळते, पिवळी होते, तपकिरी होते, जळका गोड वास सुटतो, नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात आणि खाली काळा फुगीर कोळसा राहतो. तो कोळसा म्हणजे कार्बन, एवढा वेळ पांढऱ्या दाण्यात लपून बसलेला. पोरांना हे दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते कुठल्याही तक्त्याने आणलेलं मी बघितलं नाही.

पण ह्याच साखरेने तुमचा विद्राव्यतेचा मुद्दा आडवा पडतो. सेंद्रिय पाण्यात विरघळत नाहीत आणि असेंद्रिय विरघळतात म्हणे. २० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात मीठ जातं साधारण ३६ ग्रॅम, आणि साखर जाते २०० ग्रॅमच्या आसपास. अल्कोहोल तर पाण्यात वाटेल तेवढं मिसळतं. उलट बेरियम सल्फेट, सिल्व्हर क्लोराइड हे अस्सल असेंद्रिय, पाण्याला दाद देत नाहीत, आणि त्यांच्या त्या न विरघळण्यावरच तर निम्म्या टेस्ट चालतात. वितळणांकाचंही तेच, पाणी स्वतः असेंद्रिय आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड साध्या तापमानाला वायू. आणि सोडियम ॲसिटेट सेंद्रिय घराण्यातलं असून तीनशेच्या वर वितळतं, कारण ते आयनिक आहे. संप्लवन, म्हणजे न वितळता थेट वाफ होणं, म्हणाल तर नॅप्थलीनही करतं आणि नवसागरही. म्हणजे ही सगळी लक्षणं सेंद्रिय-असेंद्रियची नाहीत, ती बंधाची लक्षणं आहेत, सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) की आयनिक (विरुद्ध विद्युतभारांची ओढ), रेणूवर विद्युतभार कसा वाटलेला आहे याची. सेंद्रियमध्ये सहसंयुज जास्त म्हणून ती लक्षणं तिकडे जास्त दिसतात इतकंच. हे एक वाक्य तक्त्याच्या वर टाकलं असतं तर अर्धे मुद्दे पाठ करायची गरज पडली नसती.

मला स्वतःला हा फरक ज्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला तो सांगतो. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की तत्क्षणी दह्यासारखा पांढरा साका. क्लोराइड ओळखायची टेस्ट, डोळे मिटून येते. एका पोराने क्लोरोफॉर्ममध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि म्हणाला काका ह्यात क्लोरीन नाही. एका रेणूत तीन तीन क्लोरीन बसलेत आणि साका म्हणून नाही! कारण क्लोरीन तिथे आयन होऊन मोकळा फिरत नाही, कार्बनला सहसंयुज बंधाने बांधलेला आहे, चांदी त्याला नुसती हाक मारून बोलावू शकत नाही. मिठातला क्लोराइड पाण्यात पडल्या पडल्या सुटा झालेला असतो. म्हणूनच असेंद्रिय आयनांच्या अभिक्रिया डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतात आणि ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलचं एस्टर करायला सल्फ्युरिक घालून तास न् तास उकळत बसावं लागतं, तरी सगळं काही बदलत नाहीच.

मग सेंद्रिय पदार्थात क्लोरीन, नायट्रोजन, गंधक आहे का हे ओळखायचं कसं, तर लासेनची टेस्ट. फ्रेंच माणूस, त्याची ही युक्ती मला सगळ्या केमिस्ट्रीत सगळ्यात धूर्त वाटते. सोडियमचा मटाराएवढा तुकडा, वरचं रॉकेल टिपकागदाने पुसून, छोट्या नळीत घालायचा, तापवला की तो पाऱ्यासारखा चमकणारा मणी होतो, त्यावर चिमूटभर पदार्थ, आणि मग नळी लाल होईपर्यंत तापवून थेट पाण्याच्या पोर्सेलिन डिशमध्ये सोडायची. चट्ट आवाज होऊन काच फुटते, दरवेळी कुणीतरी दचकतंच. उकळून गाळलं की स्वच्छ पाणी मिळतं. आत काय झालेलं असतं तर सोडियमने सेंद्रिय रेणू उचकटून त्यातला नायट्रोजन कार्बनसकट सोडियम सायनाइड करून टाकलेला असतो, क्लोरीनचं सोडियम क्लोराइड, गंधकाचं सोडियम सल्फाइड. त्यात फेरस सल्फेट, एक उकळी, थोडं सल्फ्युरिक, आणि नायट्रोजन असेल तर प्रशियन ब्लू, असा निळा की बघत राहावं. म्हणजे बघा, सेंद्रियला बोलतं करायचं तर आधी त्याला असेंद्रिय करावं लागतं. आणि ते सोडियम सायनाइड, कार्बन असूनही असेंद्रियच्या कपाटातलं, कुलूप लावून ठेवायचं.

उलट रस्ताही आहे. कॅल्शियम कार्बाइड, करडा दगडासारखा खडा, असेंद्रिय. त्यावर पाणी पडलं की फसफसून जो वायू येतो तो ॲसिटिलीन, दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन, सेंद्रियच्या पहिल्या पाच-दहा पानांतला. लसणासारखा जो वास येतो तो त्याचा नव्हे, खड्यातल्या अशुद्धीतून येणाऱ्या फॉस्फीनचा. हेही १८६२ साली आपल्या व्होलरनेच केलेलं. रेघेच्या इकडून तिकडे जायला एका चूळभर पाण्याचं अंतर.

एक प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि तो पोरं नेहमी विचारायची, की ११८ मूलद्रव्यं असताना एकट्या कार्बनला अर्धं दुकान का दिलं? कारण बाकीच्यांना जे जमत नाही ते त्याला जमतं, स्वतःशीच हात धरून लांबच लांब साखळ्या करायच्या, फांद्या फोडायच्या, कडी करायची, पुस्तकात ह्याला मालिकाबंधन शक्ती म्हणतात. चार हात, अणू लहान, त्यामुळे बंध मजबूत, कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३४८ किलोज्यूल प्रति मोल लागतात. त्याच्याच खालचा सिलिकॉन, त्यालाही चार हात, पण सिलिकॉन-सिलिकॉन बंध २२० च्या आसपास, आणि ऑक्सिजन दिसला की तो स्वतःच्या भावाला सोडून त्याच्याकडे पळतो, कारण तिथला बंध ४५० च्या घरात. म्हणून सिलिकॉनची वाळू होते आणि कार्बनची साखळी होते. कार्बन आणि हायड्रोजनचा सगळ्यात साधा भाऊ मिथेन हवेत नुसता पडून राहतो, पेटवला तरच पेटतो, सिलिकॉनचा सिलेन हवेला लागला की आपोआप भडकतो.

आणि मग संख्या बघा. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन, ब्युटेन, जोडायच्या दोन पद्धती. पाच कार्बनला तीन. दहा कार्बनच्या डेकेनला ७५. वीस कार्बनला ३,६६,३१९. नुसते कार्बन आणि हायड्रोजन, तेही फक्त एकेरी बंधांनी! मधे ऑक्सिजन, नायट्रोजन आला की मोजायचं सोडून द्यायचं. असेंद्रियमध्ये सोडियम आणि क्लोरीन म्हटलं की मीठ, विषय संपला. सेंद्रियमध्ये तेच अणू वेगळे जोडले की वेगळा पदार्थ, म्हणून तिकडे वेगळी भाषा, वेगळं नामकरण, वेगळं पुस्तक लागतं. कपाट वेगळं का, तर ह्या पसाऱ्यामुळे. मुळात व्होलरचं अमोनियम सायनेट आणि युरिया, दोन्हीत अणू तेच आणि तेवढेच, एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, फक्त मांडणी बदलली, इकडे आयनांचा क्षार होता तिकडे रेणू झाला. बर्झेलियसने पुढे ह्याच प्रकाराला आयसोमेरिझम नाव दिलं, आपण समघटकता म्हणतो. तक्त्यात समघटकतेचा मुद्दा सातवा सोडा, कुठेच नव्हता.

हिमोग्लोबिन, क्लोरोफिल, व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह ह्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, अवाढव्य सेंद्रिय रेणूच्या मधोमध अनुक्रमे लोह, मॅग्नेशियम, कोबाल्ट हे धातू बसलेत, ते कुठल्या कपाटात ठेवाल ते तुम्हीच सांगा. १९५१ मध्ये तर फेरोसीन सापडलं, कार्बनच्या दोन कड्यांमधे लोहाचा अणू चेपलेला, नारिंगी भुकटी, त्यानंतर तिसरं कपाटच करावं लागलं, ऑर्गॅनोमेटॅलिक नावाचं. आमच्या लॅबला तेवढी जागा नव्हती.

राहिली ती "सेंद्रिय" ह्या शब्दाची भानगड, आणि मला वाटतं तक्ता लिहिणाऱ्याचा पाय इथेच घसरला. सेंद्रिय शेती, सेंद्रिय खत ह्यातला सेंद्रिय वेगळा, तो पिकवायच्या पद्धतीबद्दल बोलतो. कारखान्यात बनलेला युरिया सेंद्रिय शेतीला चालत नाही, आणि रसायनशास्त्रात युरिया म्हणजे सेंद्रिय संयुगांचा मूळपुरुष. उलट गंधकाची भुकटी आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, दोन्हीत सेंद्रिय संयुगाचा लवलेश नाही, ते सेंद्रिय शेतीच्या नियमांत बऱ्याच ठिकाणी मर्यादेत चालतं. डीडीटी पक्कं सेंद्रिय संयुग आहे, तंबाखूतलं निकोटिनही, आणि दोन्ही विषारीच. "केमिकल-फ्री" असं लिहिलेलं दिसलं की मी तर विचारतो मग आत काय निर्वात पोकळी आहे का, पण तो वेगळ्या पत्राचा विषय. आताच्या पुस्तकांत "कार्बनी संयुगे" असा शब्द येतो तो मला जास्त बरा वाटतो, निदान इंद्रिय आणि शेत दोन्ही मधे येत नाहीत, अर्थात कार्बन डायऑक्साइडचं भांडण त्यानेही मिटत नाही.

तर विनंती अशी आहे. पहिल्या मुद्द्यातले "नैसर्गिक" आणि "कृत्रिम" हे दोन शब्द चूक आहेत, त्याची दुरुस्ती छापा, बारीक अक्षरात कोपऱ्यात नको, त्याच पानावर, पोरांनी कात्रण वहीत चिकटवलंय तर दुरुस्तीही चिकटवता आली पाहिजे. सी-एच बॉन्डचा मुद्दा काढून टाका. बाकीच्या मुद्द्यांना आधी "बहुतेक वेळा" एवढं जोडलं तरी चालेल. आणि पुढच्या वेळी असा तक्ता आला की छापायच्या आधी युरिया, ऑक्झॅलिक ॲसिड आणि कार्बन डायसल्फाइड ह्या तीन बाटल्या त्यात ठेवून बघा, तिन्ही नीट बसल्या तर खुशाल छापा आणि मलाही कळवा, मी तो तक्ता आमच्या जुन्या लॅबमध्ये नेऊन देतो, तिथल्या नव्या मुलाला ह्याच तीन बाटल्या त्रास देतायत असं त्याने परवाच फोनवर सांगितलं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक